पाऊस न पाहिलेली छत्री

मित्रांनो, मी एक जुनी काळी छत्री आहे. तुम्हाला वाटेल, आता ही धो धो कोसळणाऱ्या सरींच्या गोष्टी सांगणार. तसे काही होणार नाही. पावसाचा एक थेंबही माझ्या अंगावर आजवर पडलेला नाही. पाऊस म्हणजे काय, हे मी खिळ्याला टांगलेल्या अवस्थेत कौलांवरच्या आवाजावरून फक्त ऐकून आहे. माझे सारे आयुष्य उन्हात गेले. त्या उन्हाने मला असे धक्के दिले की आजही आठवले तरी माझ्या काड्या थरथरतात.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. लाकडी दांडा, वाकडी मूठ, पोलादी काड्या आणि दाट विणीचे कापड. जन्मापासूनच मला स्वतःचा थोडा गर्व होता, तो आजही आहे. कोल्हापुरातल्या एका दुकानात मला लटकवले तेव्हा दुकानदार म्हणाले, "मिरग निघाला की हिला गिऱ्हाईक." मी मिरगाची वाट पाहत बसले. आणि ऐन चैत्रात, रस्त्यावरचे डांबर पातळ झालेले असताना, एक माणूस घाम पुसत आत आला.

"छत्री द्या. काळी. घट्ट कापडाची."

"पावणं, पाऊस लई लांब हाय की अजून," दुकानदार हसले.

"पावसाला न्हाय. उन्हाला पायजे. पोरीला."

त्याने मला उघडले, सूर्याकडे धरले आणि सरळ आपले डोके माझ्या आत घातले. कुठून उजेड झिरपतो का, हे तो पाहत होता. मी हबकलेच! पावसासाठी घडवलेल्या छत्रीची अशी उन्हात परीक्षा घ्यायची म्हणजे काय? पण मी परीक्षेला उतरले, आणि तो मला काखेत मारून हुपरीच्या एसटीत बसला.

त्याचे नाव कृष्णात. हुपरीत घरोघर चांदीचे काम चालते, तसे त्याच्याही घरी चाले. पैंजणाच्या साखळ्या करायच्या आणि कोल्हापुरात गुजरीत, सराफांच्या बाजारात, नेऊन द्यायच्या, हा त्याचा धंदा. घरात त्याची बायको तानाबाई, आई चिमणाबाई आणि चार वर्षांची हौसा. हौसासाठीच मला आणले होते.

तिला पाहिले आणि मला पहिला खरा धक्का बसला. तिच्या तोंडावर आणि हातांवर काळे-तपकिरी ठिपके होते, कुणी मूठभर मोहरी उधळावी तसे. उजेडात तिचे डोळे घळघळा वाहायचे. घटकाभर अंगणात गेली की कातडी लाल व्हायची, फोड यायचे आणि ते आठवडाभर जायचे नाहीत. कुणी म्हणे उष्णता, कुणी म्हणे नजर. चिमणाबाईंचे मत पक्के होते. तानाबाई पोटुशी असताना ग्रहण लागले आणि तिने विळीवर भाजी चिरली, म्हणून पोर अशी झाली. तानाबाई मान खाली घालून ऐकून घ्यायची.

मला पाहून चिमणाबाईंनी कपाळाला हात लावला. "उन्हाला छत्री? आरं, ऊन लागल्याबिगर हाडं घट्ट हुत्यात व्हय? ही पाळण्यात हुती तवापासनं हिला म्या त्याल लावून कवळ्या उन्हात निजवलीया. रोज!"

"व्हय आये, पर हिला सोसत न्हाय," कृष्णात एवढेच म्हणाला. मग त्याने घरात एक नियम केला. ही छत्री पावसात न्यायची नाही. कापड भिजून विरले तर उन्हाला आडवे कोण येणार? त्यामुळे पावसाळ्यात ती माणसे घोंगडी पांघरून, नाहीतर नुसतीच भिजत जायची, आणि मी छत्री असून कोरडी ठणठणीत भिंतीवर! इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

हौसा मोठी झाली तशी फटकळ झाली. शाळेच्या वाटेवर पोरे ओरडायची, "हौसे, पाऊस कुठं हाय गं?" ती म्हणायची, "तुज्या डोस्क्यात!" आणि मला घट्ट धरून ताठ चालायची. मला तिचे फार कौतुक वाटायचे. पण एक दिवस वेगळेच घडले. शाळेच्या पटांगणात पोरे सावलीवर पाय द्यायचा खेळ खेळत होती. ज्याच्या सावलीवर पाय पडला तो बाद. हौसा पुढे गेली तर एक पोरगी म्हणाली, "तुला कसं बाद करायचं? तुला सावलीच न्हाय. छत्रीचीच हाय नुसती."

हौसाने खाली पाहिले. जमिनीवर माझा वाटोळा काळा डाग होता. त्यात तिचे डोके नव्हते, वेण्या नव्हत्या, काही नव्हते. घरी येऊन तिने विचारले, "आज्जी, माजी सावली कुठं गेली?" चिमणाबाई हसून म्हणाल्या, "छत्रीनं गिळली." त्या सहज बोलून गेल्या, पण मला ते फार लागले.

शाळेतून आल्यावर घरी बसून राहणाऱ्या पोरीला काहीतरी काम हवे, म्हणून आजीने तिला राखणीला बसवले. रिठ्याच्या पाण्यात धुतलेले पैंजण अंगणात पांढऱ्या धोतरावर वाळत घालायचे. त्यापाशी हौसा बसायची आणि कावळे-कोंबड्या हाकलायची. मागे चुन्याने रंगवलेली भिंत, पुढे चमचम करणारी चांदी आणि डोक्यावर मी. मी तिच्यावर उन्हाची तिरीपसुद्धा पडू देत नव्हते. हौसा सावलीत आहे म्हणून घरचे निर्धास्त असायचे आणि मी गर्वाने फुगून जायचे.

आणि मग हौसाच्या हनुवटीखाली गाठ आली. आधी मसुराएवढी, मग वाटाण्याएवढी. ती फुटून रक्त यायला लागले तेव्हा सगळे घर तिला घेऊन कोल्हापूरच्या एका मोठ्या दवाखान्यात गेले. हौसा तेव्हा आठ वर्षांची होती. मी अर्थातच बरोबर होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ठिपके पाहिले, गाठ पाहिली, डोळे पाहिले. मग त्यांनी कृष्णातला विचारले, "तुम्ही काम काय करता?"

"चांदीचं. पैंजणाची साखळी करतो."

बाईंनी हौसाचा पाय उचलून मांडीवर घेतला. पायात बापाने केलेले दुपदरी साखळीचे पैंजण होते. "कड्या झाळून जोडताना आच जास्त लागली आणि शेजारच्या दोन कड्या एकमेकींना चिकटल्या, तर तुम्हाला कसं कळतं?"

"बोट फिरवलं की कळतं. तितं साखळी वळत न्हाय, उंचवटा लागतो."

"मग?"

"मग काय, दोन्ही अंगानं कापायचं, तेवढा तुकडा काढून टाकायचा, दुसऱ्या पदराकडं बघून तसाच नवा घालायचा आन् टोकं झाळायची."

बाई म्हणाल्या, "आपलं अंग बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. डोळ्यांना दिसणार नाहीत एवढ्या बारीक. त्या प्रत्येक पेशीत अशीच एक दुपदरी साखळी असते. तिला डीएनए म्हणतात. अंग कसं घडवायचं, कसं चालवायचं, ते सगळं त्या साखळीत कड्यांच्या क्रमानं मांडून ठेवलेलं असतं. आणि ऊन लागलं की त्यातल्या शेजारशेजारच्या कड्या चिकटतात. तुमच्या, माझ्या, या आजींच्या, सगळ्यांच्या. रोज. आत्ता स्टँडवरून चालत आलात ना, तेवढ्यातसुद्धा!"

मित्रांनो, मी त्या वेळी कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होते. हे ऐकून मी घसरून खालीच पडले. सगळ्यांच्या? मी येताना पाहिलेले ते उघड्या डोक्याचे हमाल, भाजीपाल्याच्या पाट्या घेऊन बसलेल्या बाया, टांगेवाले, सायकलवरची पोरे, त्या सगळ्यांच्या आत रोज तूटफूट चालली आहे आणि कुणाला पत्ता नाही?

"मग आमाला कसं काय हुत न्हाय?" कृष्णातने माझ्याच मनातले विचारले.

"कारण आत कारागीर आहेत. प्रथिनं म्हणतात त्यांना. एकटादुकटा नव्हे, त्यांची टोळी असते. कुणी साखळीवरून सारखं चाचपत फिरतं. चिकटलेल्या कड्यांचा उंचवटा लागला की तिथंच थांबतं आणि बाकीच्यांना बोलावून घेतं. मग कुणी दोन पदर अलग करून धरतं. कात्रीवाले दोघं, एक या अंगानं कापतो, एक त्या अंगानं. खराब तुकडा निघून जातो. दुसऱ्या पदराकडं बघून कुणी नव्या कड्या भरतं, आणि शेवटचा टोकं जोडतो. अगदी तुमच्यासारखं. टोळीत नेमके कितीजण आहेत, हे परदेशातल्या प्रयोगशाळांत अजून शोधतायत. पण एवढं कळलंय की त्यातला एक जरी नसला तरी बाकीचे हातावर हात ठेवून बसतात."

कृष्णातचा आवाज एकदम खाली गेला. "आमच्या हौसाचा कोण न्हाय?"

"ते मला इथं सांगता येणार नाही. पण एकजण जन्मापासून नाही. कारागीर घडवायचे दोन नमुने असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. तुम्हा नवराबायकोकडं त्यातला एक एक बरा आहे, म्हणून तुमचं भागतं. हिच्याकडं दोघांचाही बिघडलेलाच आला. म्हणून चिकटलेल्या कड्या हिच्या अंगात तशाच राहतात. चुकीवर चूक चढत जाते आणि मग अशी गाठ होते. ग्रहणाशी, विळीशी याचा काही संबंध नाही."

तानाबाईने पदर तोंडात धरला. इतक्या वर्षांचा तो आरोप एका वाक्यात उतरला होता. चिमणाबाई मात्र पुढे सरकल्या. "आन् कवळं ऊन, बाई? त्याल लावून?"

"दुसऱ्या पोरांना ते चालतं, आजी. त्यांची टोळी सावरून घेते. हिला कोवळं ऊन चालत नाही आणि कडकही नाही. तुम्हाला ते कळायला काही मार्ग नव्हता."

चिमणाबाई आपले हात पदराला पुसत राहिल्या. पण धक्के अजून संपले नव्हते. बाईंनी हौसाची हनुवटी वर उचलली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "छत्री वापरता ना? मग गाठ खालच्या बाजूला कशी? हिला बसवता कुठं?"

कृष्णातने अंगण सांगितले, भिंत सांगितली, धोतर सांगितले, त्यावरची चांदी सांगितली. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"ऊन फक्त डोक्यावरून येत नाही हो. पांढऱ्या कपड्यावरून उसळतं, चुन्याच्या भिंतीवरून येतं, चांदीवरून येतं. सगळं उघडं आभाळच ऊन सांडत असतं. छत्री वर होती आणि खालून पोर भाजत होती."

मी वरून काळी सावली धरून ऐटीत उभी होते आणि माझ्याच पोटात, माझ्या सावलीच्या आत, ऊन घुसत होते! ज्याचा मला एवढा गर्व होता, ते काम मी अर्धेच करत होते. ही गोष्ट मला आजही खरी वाटत नाही.

बाईंनी गाठ कापून काढली. यावर औषध नाही, हेही स्पष्ट सांगितले. उन्हापासून लांब ठेवायचे, डोळे जपायचे, नवी गाठ दिसली की लगेच यायचे, एवढेच हातात होते. चिमणाबाई घरी आल्या आणि ट्रंक उघडून त्यांनी आपली काळी चंद्रकळा काढली. वर्षात एकदा, संक्रांतीला नेसायचे ते लुगडे. ती त्यांनी बाजारात छत्र्या दुरुस्त करणाऱ्या शमशुद्दीनचाचांपुढे ठेवली.

"फाडा, आन् हिला चारी अंगानं झालर लावा. पार कमरंपातूर."

"चिमणाबाई, एवढं चांगलं लुगडं फाडायचं?" शमशुद्दीनचाचांचा हात धजेना.

"मग काय, माज्यासंगं जाळायचं हाय व्हय? फाडा म्हणते न्हवं!"

चाचांनी दुहेरी झालर शिवली आणि माझा चक्क तंबू झाला. डोळ्यांपुढे त्यांनी फक्त एक बारीक जाळी ठेवली. अंगणातली राखण बंद झाली. भिंतीवर शेणामातीचा हात फिरला. कौलांच्या फटी बुजवल्या. आणि ज्या चिमणाबाई पोरीला उन्हात निजवत होत्या, त्याच आता दारात काठी घेऊन बसायला लागल्या. हौसा माझ्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाय टाकू शकत नव्हती.

पण ग्रहणावरचा त्यांचा विश्वास तसूभरही हलला नाही. ऐंशी सालच्या फेब्रुवारीत मोठे सूर्यग्रहण आले. सगळी हुपरी भर दुपारी दारे लावून आत बसली. रस्त्यावर कुत्रेही नव्हते. चिमणाबाईंनी पाण्याच्या घागरीत तुळशीची पाने टाकली आणि डोळे मिटून जप धरला. ग्रहणात त्यांनी जन्मात कधी उंबरा ओलांडला नव्हता, पाण्याचा घोट घेतला नव्हता. कृष्णात मागच्या खोलीत होता. मी दाराजवळ खिळ्याला होते.

बुजवायची राहिलेली एक फट कौलांत होती. तिच्यातून जमिनीवर रोज एक गोल कवडसा पडायचा. त्या दुपारी तो हळूहळू कोयत्यासारखा झाला. दहा वर्षांची हौसा त्याच्याकडे टक लावून पाहत होती. उजेड पितळेसारखा मलूल झाला तशी ती उठली, तिने कडी काढली आणि ती बाहेर पळाली. मला न घेता!

मला हाक मारता येत नाही, खिळ्यावरून उडी मारता येत नाही. तानाबाई ओरडली, "हौसेऽ!" चिमणाबाईंनी डोळे उघडले. उघडे दार पाहिले. हातातली माळ जागेवर टाकून त्यांनी मला खिळ्यावरून ओढले.

"आत्याबाई, गिरान हाय!" तानाबाई किंचाळली.

चिमणाबाईंनी तेवढ्यात उंबरा ओलांडला होता.

अंगणात वारा गार झाला होता. कोंबड्या खुराड्यात शिरल्या होत्या. मधोमध हौसा हात पसरून, सूर्याकडे पाठ करून उभी होती. तिच्या पुढे जमिनीवर तिची सावली पडली होती. डोके होते, दोन वेण्या होत्या, बोटेसुद्धा मोजता येत होती.

"आज्जी, बघ की! माजी सावली! येण्या दिसत्यात!" ती हसत होती, नाचत होती. "आज सूर्य झाकलाय. मला कायबी हुत न्हाय!"

"सूर्य झाकलाय, आभाळ उघडंच हाय की, भवाने!" चिमणाबाईंनी मला फटकन उघडले आणि तिच्यावर धरले. झालर खाली आली. जमिनीवरच्या वेण्या एका क्षणात नाहीशा झाल्या आणि तिथे पुन्हा माझा वाटोळा डाग उरला. हौसा आजीच्या पोटाशी तोंड खुपसून हमसून हमसून रडायला लागली. खरे सांगते, त्या वेळी मीही फाटले असते तर बरे झाले असते.

शेजारच्या झुंबरबाईंनी खिडकी किलकिली केली होती. ग्रहण पाळण्यात सगळ्या गल्लीला शिस्त लावणारी म्हातारी अंगणात उभी आहे, हे पाहून त्यांचे डोळे पांढरे झाले. "चिमणामावशी! गिरानात भाईर?"

चिमणाबाई नातीला घेऊन दाराकडे वळल्या होत्या. जाता जाता त्या म्हणाल्या, "ह्ये गिरान घटकाभराचं हाय, झुंबर. हिचं जलमाचं हाय."

ग्रहण सुटल्यावर सगळ्यांनी अंघोळ केली. चिमणाबाईंनी माझ्यावरही एक तांब्या पाणी ओतले. आयुष्यातले माझे पहिले पाणी ते! मग त्यांनी मला स्वतःच्या पदराने कोरडी केली. दोन दिवसांनी त्या काठी टेकत शाळेत गेल्या आणि हौसाला "सावलीच न्हाय" म्हणणाऱ्या पोरीसकट चार-पाचजणांना घेऊन आल्या. बंद खोलीत कृष्णातने कंदील लावला. भिंतीवर पोरांच्या सावल्या पडल्या, त्यांत हौसाचीही पडली. त्या दिवशी हौसा तीनदा बाद झाली आणि प्रत्येक वेळी आनंदाने ओरडली.

मित्रांनो, आता हौसा सोळा वर्षांची आहे. तिच्या आणखी काही गाठी कापाव्या लागल्या. एका डोळ्याला दिसत नाही, दुसऱ्याला अंधूक दिसते. पुढे किती दिवस, हे डॉक्टरीणबाई सांगत नाहीत आणि घरचे विचारत नाहीत. ती खोलीत बसून बापाच्या साखळ्या तपासते. अंगठा आणि बोट यांच्यामधून साखळी सरकवते आणि चिकटलेली कडी लागली की थांबते. जे काम तिच्या अंगात कुणी करत नाही, ते तिची बोटे दिवसभर करतात. ते पाहून मला अजूनही धक्का बसतो.

चिमणाबाई गेल्या साली वारल्या. त्यांच्या चंद्रकळेची झालर माझ्या अंगावर आहे. दोन काड्या बदलल्या, मूठ बदलली, कापडावर ठिगळे आली. शमशुद्दीनचाचांनी दुरुस्त केले म्हणून मी उभी आहे. तुम्हालाही कुणीतरी रोज दुरुस्त करते आहे, या क्षणीही, न बोलावता. त्या टोळीवर उगाच ज्यादा काम टाकू नका. भर दुपारी डोके झाकून जा.

आणि भर उन्हात एखादे पोर छत्री घेऊन चाललेले दिसले तर हसू नका. हौसाला अजूनही रस्त्यात लोक विचारतात, "पाऊस कुठं हाय?" पूर्वीसारखी ती आता फटकन बोलत नाही. झालर बोटभर वर उचलते, आणि तेवढ्यानेही धास्तीने माझ्या काड्या ताठ होतात. ती म्हणते, "या की आत. दोघांना जागा हाय."

रस्त्यावरचे कुणी अजून आत आलेले नाही. तुम्ही तरी या.